२४० हर्ट्झच्या जमान्यात गेमर लोक डबा टीव्ही का शोधतायत?

घरातला जुना डबा टीव्ही भंगारवाल्याला दाखवला की तो लांबूनच मान हलवतो, "शंभर देतो, पण खाली तुम्हीच आणून द्या." तोच टीव्ही ऑनलाइन विकायला टाका, त्यात सोनीचा ट्रिनिट्रॉन असेल तर विचारूच नका, कुणीतरी तासाभरात मेसेज टाकतो की चालू आहे का, एव्ही पोर्ट शाबूत आहे का, मी गाडी घेऊन येतो. हा माणूस वेडा नसतो बरं का. बऱ्याचदा त्याच्या टेबलावर २४० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा, महागडा गेमिंग मॉनिटर आधीच असतो, आणि तरी तो म्हणतो की मारिओ खेळायचा तर डब्यावरच.

मग घरच्यांना प्रश्न पडणारच की एवढ्या वर्षांत स्क्रीन पुढे गेल्या की मागे? तर रिझोल्युशन, रंग, उजेड, आकार, वजन, वीज या सगळ्यात फ्लॅट स्क्रीन कधीच पुढे निघून गेल्या, त्यात वाद नाही. पण एक गोष्ट वाटेत हरवली, आणि ती जरा विचित्र आहे. डबा टीव्हीवर चित्र बहुतेक वेळ नसतंच, पडदा काळा असतो, आणि त्याची सगळी करामत त्या काळेपणात आहे. कसं ते बघू.

डब्याच्या आत चालतं तरी काय

डब्यात काचेची मोठी पिक्चर ट्यूब असते, तिच्या मागे जी निमुळती मान असते तिच्यात इलेक्ट्रॉन गन बसवलेली असते. ती समोरच्या काचेवर इलेक्ट्रॉनचा मारा करते, रंगीत टीव्हीत लाल, हिरव्या, निळ्या रंगासाठी एकेक असे तीन किरण असतात. काचेला आतून फॉस्फरचा थर दिलेला असतो, फॉस्फर म्हणजे असा पदार्थ की इलेक्ट्रॉन आपटले की क्षणभर चमकतो आणि लगेच विझायला लागतो. मानेभोवती तांब्याची कॉइल असते, मेकॅनिक लोक तिला योक म्हणतात, ती चुंबकाच्या ओढीने किरणाला डावीकडून उजवीकडे फिरवते, मग थोडं खाली, परत डावीकडून उजवीकडे, असं करत करत वरून खालपर्यंत. आपल्याकडच्या पाल पद्धतीत अशा ६२५ ओळी आणि सेकंदाला ५० फेऱ्या, एका फेरीत एकाआड एक ओळ. जपान-अमेरिकेत ५२५ ओळी आणि साधारण ६० फेऱ्या.

दिवाळीत अंधारात फुलबाजी गरागरा फिरवली की हवेत झगझगीत रिंगण दिसतं ना, खरं तर कुठल्याही क्षणी तिथे एकच ठिणगी असते, रिंगण आपला डोळा आणि मेंदू मिळून पूर्ण करतात. डबा टीव्ही तेच करतो. हाय-स्पीड कॅमेऱ्याने शूट केलेलं डबा टीव्हीचं चित्रीकरण यूट्यूबवर बघा, पडद्यावर फक्त एक उजळ पट्टी खाली सरकताना दिसते आणि बाकी सगळा अंधार. एक ठिपका जेमतेम एक-दोन मिलिसेकंद नीट उजळतो, मग त्याची पुढची पाळी यायला सोळा ते वीस मिलिसेकंद जातात. तोवर काळा.

फ्लॅट स्क्रीन चित्र धरून बसते

एलसीडीत मागून दिवा सतत चालू असतो आणि प्रत्येक पिक्सेल पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, येईपर्यंत आपला रंग धरून बसतो. ओलेडमध्ये मागे दिवा नाही, पिक्सेल स्वतःच पेटतो, पण धरून बसणं तेच. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद जशीच्या तशी पडद्यावर असते. या पद्धतीला सँपल-अँड-होल्ड म्हणतात, आपण साधं 'धरून बसणं' म्हणू.

चित्र स्थिर असेल तर हे उत्तमच, फडफड नाही, डोळ्याला त्रास नाही. भानगड होते ती चित्र हलायला लागल्यावर. समजा फुल एचडी पडद्यावर एक गाडी दोन सेकंदात या टोकापासून त्या टोकाला जातेय. म्हणजे सेकंदाला ९६० पिक्सेल, म्हणजे दर फ्रेमला १६ पिक्सेलची उडी. आता तुमचा डोळा त्या गाडीमागे जातो तो उड्या मारत नाही, सलग सरकत जातो. गाडी मात्र १६.७ मिलिसेकंद एका जागी थांबते, मग टुणकन पुढे. डोळा पुढे सरकतोय आणि चित्र जागेवर, त्यामुळे त्या वेळात गाडीचं चित्र डोळ्याच्या पडद्यावर १६ पिक्सेल पुसल्यासारखं पसरतं. डब्यावर तीच गाडी एक-दीड मिलिसेकंद चमकून गायब होते, डोळ्याला ती पसरवायला वेळच मिळत नाही, तर पुसट होते ती एखाद-दुसरा पिक्सेल.

विश्वास बसत नसेल तर आत्ता करून बघा. हा लेख बोटाने सावकाश वर सरकवत राहा आणि सरकतानाच अक्षरं वाचायचा प्रयत्न करा, पुसट होतात की नाही? त्याच वेळी स्क्रीनशॉट काढा, त्यात अक्षरं कोरल्यासारखी स्पष्ट. म्हणजे स्क्रीनने चूक काहीच दाखवलेलं नाही, पुसट झालं ते आपल्या डोळ्यात.

पण माझ्या मॉनिटरच्या खोक्यावर १ एमएस लिहिलंय

लिहिलेलं असतं, आणि इथेच दुकानदारापासून गिऱ्हाईकापर्यंत सगळे गंडतात. तो मिलिसेकंदांचा आकडा पिक्सेलला एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला किती वेळ लागतो त्याचा आहे. जुन्या एलसीडीत हे खरंच संथ होतं, क्रिकेट बघताना बॉलमागे शेपटी दिसायची. आता ती अडचण जवळपास संपलीय, ओलेडमध्ये तर रंग बदलायला मिलिसेकंदाचा छोटासा अंशच लागतो. पण पिक्सेल कितीही झटकन बदलला तरी बदलल्यावर तो उरलेला वेळ तसाच बसून राहतो ना! म्हणून ६० फ्रेमचा गेम महागड्या ओलेडवरही पळताना पुसट दिसतो. उलट कधीकधी ओलेडवर जास्त खटकतं, कारण एलसीडीत दोन फ्रेमच्या मधला सांधा थोडा गिळगिळीत असायचा, ओलेडवर उडी स्वच्छ दिसते.

म्हणजे १ एमएस रिस्पॉन्स हा एक आकडा, आणि चित्र किती वेळ पेटून राहतं हा दुसरा. गेमरला हवा असतो दुसरा, खोक्यावर छापलेला असतो पहिला.

मग हर्ट्झ वाढवा की

बरोबर, तो एक रस्ता आहे. १२० हर्ट्झला आपल्या गाडीची पुसटी ८ पिक्सेल, २४० ला ४, ४८० ला २. ४८० हर्ट्झचे ओलेड मॉनिटर २०२४ पासून बाजारात आलेतही. हजार हर्ट्झच्या आसपास गेलो की हिशोब डब्याच्या जवळ येतो.

पण यात एक मेख आहे. गेमनेही तेवढ्या फ्रेम द्यायला हव्यात. व्हॅलोरंटसारखा गेम चांगल्या पीसीवर शेकड्यांनी फ्रेम देतो, तिथे २४० हर्ट्झ पुरेपूर वसूल. मारिओ किंवा कॉन्ट्रा ६० च देणार, आपल्याकडच्या पालवाल्या क्लोन मशिनीवर, म्हणजे निंटेंडोच्या नकलेवर, तर ५० च. मग २४० चा मॉनिटर काय करतो, तर तीच फ्रेम चार वेळा दाखवतो, एकूण धरून बसायचा वेळ तेवढाच, पुसटी तीच १६ पिक्सेलची. मॉनिटर चौपट महाग घेतला आणि मारिओ होता तसाच! मला वाटतं रेट्रो गेमिंगमध्ये सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजापायी वाया जातात.

दुसरा उपाय म्हणजे मुद्दाम काळं करायचं. दोन फ्रेमच्या मध्ये एक काळी फ्रेम घालायची, किंवा एलसीडीचा मागचा दिवाच क्षणभर बंद ठेवायचा. चालतं हे, पण अर्धा वेळ काळा म्हणजे उजेडही अर्धा, आणि ६० ला पडदा फडफडतो. डिसेंबर २०२४ मध्ये ब्लर बस्टर्स या स्क्रीनच्या पुसटीमागे लागलेल्या वेबसाइटवाल्यांनी टिमोथी लॉटिस या ग्राफिक्स प्रोग्रामरबरोबर मिळून याच्या पुढची पायरी काढली आणि फुकट वाटून टाकली. २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर ६० च्या एका फ्रेमचे चार तुकडे पाडायचे आणि उजळ पट्टी वरून खाली सरकवत न्यायची, मागे विझत जाणारी शेपटी ठेवून, म्हणजे डब्याच्या किरणाची सॉफ्टवेअरमधली नक्कलच. इथे मात्र जास्तीचे हर्ट्झ जुन्या गेमला खरोखर उपयोगी पडतात. म्हणजे बघा, सगळ्यात नवी स्क्रीन घ्यायची आणि तिला डब्यासारखं वागायला शिकवायचं.

डब्यावर लॅग शून्य, हे अर्धं खरं

लॅग म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा वेळ. डबा सिग्नल साठवत नाही, वायरमधून आलं तसं काचेवर मारलं. पण किरणाला वरून खाली यायला ६० च्या हिशोबाने १६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे पडद्याच्या मध्यावरची गोष्ट तशीही ८ मिलिसेकंद उशिरा दिसते. शून्य बिन्य काही नाही, डबा स्वतःच्या पदरचा उशीर घालत नाही एवढंच.

फ्लॅट टीव्ही मात्र घालतो. आधी अख्खी फ्रेम घेणार, मोठी करणार, धान्यातले खडे निवडावेत तशी चित्रातली खरखर काढणार, मग मालिका गुळगुळीत दिसाव्यात म्हणून मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवणार. हे सगळं चालू असेल तर शंभर मिलिसेकंदांच्या आसपासही सहज जातात आणि मग उडी मारायला बटण दाबलं तर मारिओ खड्ड्यात पडल्यावर उडी मारतो. यावर उपाय म्हणजे गेम मोड, तो चालू केला की चांगले टीव्ही आता दहाएक मिलिसेकंदांवर येतात. एचडीएमआय २.१ वाले बरेच टीव्ही नवा कन्सोल दिसला की आपोआप गेम मोडवर जातात. त्यामुळे नव्या गेमपुरता लॅगचा मुद्दा माझ्या मते संपलाय. जुना कन्सोल पिवळ्या एव्ही वायरने नव्या टीव्हीला जोडला तर मात्र नाही संपत, कारण तिथे टीव्हीला रूपांतराचं जास्तीचं काम पडतं आणि बरेच टीव्ही जुन्या कन्सोलचा २४० ओळींचा सिग्नल एकाआड एक ओळीवाला समजून त्याची वाट लावतात.

सुपर स्मॅश ब्रदर्स मेली हा निंटेंडोच्या गेमक्यूब कन्सोलवरचा २००१ चा मारामारीचा गेम. त्याच्या टुर्नामेंटमध्ये आजही टेबलांवर डबे मांडलेले दिसतात. त्यातल्या काही चाली दोन-तीन फ्रेमच्या फटीत बसवाव्या लागतात आणि खेळाडूंची बोटं वर्षानुवर्षं डब्याच्या तालावर घट्ट झालेली असतात, मधे दोन फ्रेमचा उशीर आला तर सगळंच कोलमडतं. आपल्याकडे सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळणारी पोरंही सुरुवातीच्या एलसीडींना नाक मुरडायची आणि जुने १७ इंची मॉनिटर १०० हर्ट्झवर लावून बसायची, ते उगाच नव्हतं.

डक हंटची बंदूक का मेली

कॅसेटवाल्या गेमबरोबर बंदूक यायची, डक हंट या गेममध्ये तिने बदकं मारायची. घोडा दाबला की गेम एका फ्रेमपुरता सगळा पडदा काळा करतो, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीच्या नळीत उजेड ओळखणारा सेन्सर, त्याला काळ्यानंतर लगेच पांढरं दिसलं तर बदक मेलं. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटत नव्हती, टीव्हीतून बंदुकीत येत होती! एलसीडीवर तो पांढरा चौकोन उशिरा पोचतो, तोवर गेमने निकाल दिलेला असतो. शिवाय मूळच्या निंटेंडो बंदुकीतलं सर्किट डब्याच्या ओळींच्या लयीत, सेकंदाला पंधरा हजारांच्या आसपास, लुकलुकणारा उजेडच मानायचं, एलसीडीचा संथ उजेड त्याच्या लेखी उजेडच नाही.

नाम्कोची १९९७ ची गनकॉन, प्लेस्टेशनची बंदूक, याहून हुशार होती. ती किरण नळीसमोरून नेमका कधी गेला ती वेळ मोजायची आणि त्यावरून तुम्ही कुठे नेम धरलाय ते काढायची. फ्लॅट स्क्रीनवर फिरणारा किरणच नाही, मग मोजणार काय. आताच्या सिंडेनसारख्या बंदुका कॅमेऱ्याने पडद्याभोवतीची पांढरी चौकट बघून नेम काढतात, चालतात छान, पण जुन्या बंदुका फ्लॅटवर आहेत तशा चालणार नाहीत.

ते ठोकळे तेव्हा असे दिसतच नव्हते

जुने गेम ५५ इंची टीव्हीवर लावले की माणसं लेगोची वाटतात. जुन्या निंटेंडो कन्सोलचं चित्र २५६ बाय २४० पिक्सेलचं, ते फोर-के वर ताणल्यावर दुसरं होणार काय. डब्यावर पिक्सेलला धारदार कडा नसायची, एकेका ठिपक्याचा उजेड शेजारी जरासा सांडायचा, आणि हे कन्सोल दर फेरीत त्याच ओळी परत काढायचे त्यामुळे मधल्या ओळी रिकाम्या राहून बारीक काळ्या रेघा दिसायच्या. त्या रेघांच्या मधे मेंदू आपसूक तपशील भरतो. गेम काढणारे तेव्हा हेच पडदे समोर ठेवून काम करत होते.

१९९१ च्या सोनिक गेममधला धबधबा घ्या. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला खरी पारदर्शकता जमत नव्हती म्हणून धबधबा उभ्या पट्ट्यांचा काढलाय, एक पट्टी पाण्याची, एक रिकामी. पिवळ्या वायरमधून जाताना शेजारशेजारचे रंग एकमेकांत मिसळतात आणि पडद्यावर पाणी आरपार दिसतं. स्वच्छ एचडीएमआयवर तोच धबधबा उभ्या पट्ट्यांची चटई वाटतो. न्यायाने बोलायचं तर इथे श्रेय ट्यूबचं कमी आणि त्या स्वस्तातल्या वायरचं जास्त, पण दोघांची जोडी होती.

हे सगळं नॉस्टॅल्जिया आहे, असं म्हणालात तर

थोडं आहेच. डबा चांगला होता असं म्हणणारे त्याची दुखणी सोयीने विसरतात. ५० फेऱ्यांची फडफड, डोळ्याच्या कडेने बघितलं तर जास्तच जाणवणारी. कोपऱ्यात वाकलेली चित्रं. खिडकी उघडी असली की काळा रंग राखाडी. पालच्या टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची बारीक शिट्टी सतत चालू असते, घरातल्या लहान पोरांना ती ऐकू येते आणि आजोबांना नाही. आणि आताच्या गेममधली बारीक अक्षरं २१ इंची डब्यावर वाचून दाखवा, मानलं.

पण हलत्या चित्राची स्पष्टता ही आठवणींची गोष्ट नाही, ती मोजता येते, वर आपण मोजलीच. २०१९ मध्ये गेमचं ग्राफिक्स तपासणाऱ्या डिजिटल फाउंड्रीवाल्यांनी सोनीच्या एफडब्ल्यू९०० या २४ इंची रुंद ट्यूब मॉनिटरवर तेव्हाचे नवे गेम चालवून बघितले आणि चकित झाले. हा मॉनिटर २३०४ बाय १४४० ला ८० हर्ट्झ देतो, वजन चाळीस किलोच्या वर. त्यानंतर त्याच्या किमती काय झाल्या असतील ते ओळखा.

एवढं भारी होतं तर परत बनवत का नाहीत

कारण ट्यूब म्हणजे मुळात काचेचा धंदा आहे. काचेची भट्टी, शिसं घातलेली जाड काच, आत निर्वात पोकळी, लाखोंनी माल खपला तरच परवडणारं गणित. आणि पडदा जरा मोठा केला की वजन अंगावर येतं. सोनीने १९८९ च्या सुमारास ४३ इंची डबा काढला होता, त्याचं वजन दोनशे किलोच्या घरात. ओसाकातल्या एका नूडलच्या दुकानात असा एक टीव्ही शिल्लक होता, तो वाचवून अमेरिकेला नेल्याचा शँक मॉड्स या यूट्यूबरचा व्हिडिओ २०२४ च्या शेवटी भरपूर फिरला.

यात आपल्या मराठवाड्याचाही एक धागा आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधल्या कारखान्यांसकट. जगातल्या बड्या ट्यूबवाल्यांत जाऊन बसले, आणि २००८ च्या आसपास जगभरात एलसीडीची विक्री डब्यांच्या पुढे निघून गेली. कंपनी नंतर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली, त्याला तेलापासून मोबाइलपर्यंत इतर कारणं बरीच होती, पण ट्यूबवर लावलेला डाव चुकीच्या वेळी लागला हे खरंच. त्या भट्ट्या आता शे-दोनशे गेमरसाठी कोण पेटवणार.

मग घ्यायचा का

नवे गेम खेळायचे असतील तर नाही, सरळ १२० हर्ट्झच्या पुढचा ओलेड किंवा चांगला एलसीडी घ्या आणि गेम मोड लावा. आताच्या पीसीला डबा मॉनिटर जोडणंही सोपं राहिलेलं नाही, एनव्हिडियाने २०१६ च्या १०-सिरीजपासून कार्डातून अॅनालॉग आउटपुट काढून टाकलंय, मधे कन्व्हर्टर लागतो. एमुलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अधूनमधून मारिओ खेळणाऱ्याला डब्याची नक्कल करणारे शेडर पुरतात, म्हणजे चित्रावर रेघा आणि उजेडाचा सांड घालणारं सॉफ्टवेअर.

जुना कन्सोल खराखुरा असेल, बंदूक असेल, किंवा मेलीसारखा गेम असेल तर मात्र डबा शोधा, आणि नातेवाइकांकडे आधी विचारा, बऱ्याच घरांत माळ्यावर पडलेला असतो. घेताना चालू करून दहा-पंधरा मिनिटं बघा, रंग एका कोपऱ्यात जांभळे-हिरवे दिसले तर बहुतेक चुंबकाचा परिणाम असतो आणि तो जातो, पण चित्र मुळातच अंधुक असेल आणि ब्राइटनेस वाढवून अक्षरं पसरत असतील तर ट्यूब थकलीय, सोडून द्या. मागचं झाकण स्वतः उघडू नका, आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो, ते काम जुन्या मेकॅनिकचंच. बिघडलेला डबा कचऱ्यात फोडू नका, काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्याला द्या. आणि उचलताना काचेची बाजू छातीकडे ठेवा, मागचा भाग पोकळ असतो, सगळं वजन पुढे असतं.